उमरगा ते तोरणा, व्हाया राजगड

नवरात्र बसलं की उमरग्यावरून जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला पायी चालणारी माणसं दिसू लागतात. कर्नाटकातून, तेलंगणाच्या सीमेवरच्या गावांतून आई तुळजाभवानीकडे निघालेली ही गर्दी कोजागरीपर्यंत हटत नाही. उमरग्याहून तुळजापूर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. खांद्यावर एखादी पिशवी, हातात पाण्याची बाटली, एवढ्यावर लोक हे अंतर तोडतात. ते जमतं, कारण वाटेत जागोजागी मंडप असतात. कुणी चहा देतो, कुणी खिचडी वाढतो, कुणी पायाला तेल लावून देतो. पाय फारच सुजले तर मागून येणारा टेम्पो हात दाखवताच थांबतो.

तेव्हा शरदात गटानं लांब चालणं हे या भागातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. अडचण येते ती हीच मंडळी दिवाळीच्या सुट्टीत सह्याद्रीकडे निघतात तेव्हा. रस्त्यावर चालणाऱ्याची सोय समाज करतो. डोंगराच्या धारेवर मंडप नसतो, नळ नसतो, टेम्पो नसतो. तिथली सगळी सोय गावात बसून, निघण्याआधी महिनाभर करायची असते. आणि ती करताना तीन गोष्टींचा मेळ घालायचा असतो : दिवसाचा उजेड, पाण्याची ठिकाणं आणि गटातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग. बाकीच्या याद्या या तिघांच्या मागून येतात.

उदाहरणासाठी एकच मोहीम घेऊ. राजगड ते तोरणा, धारेनं. दोन्ही किल्ले पुणे जिल्ह्यातले, दोन्ही समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच. तोरणा हा शिवरायांच्या अगदी सुरुवातीच्या किल्ल्यांपैकी, तर राजगड ही रायगडाच्या आधीची राजधानी. जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत राजगड आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजानं बाहेर पडायचं, डोंगरधार धरून पश्चिमेकडे चालायचं आणि तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचं, अशी ही वाट. पहिल्यांदा पाठीवर सॅक घेऊन दोन दिवस चालणाऱ्या गटाला ती योग्य, कारण दोर लागत नाही, दोन्ही टोकांना नांदती गावं आहेत आणि मधे एका ठिकाणी भुतोंड्याकडे जाणारा गाडीरस्ता ही धार ओलांडतो. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला ताप चढला, तर तिथून माणूस खाली नेता येतो. वाट निवडताना तिचं सौंदर्य सगळेच पाहतात. मधूनच बाहेर पडता येतं का, हे पाहणारे कमी.

तारीख कुणाच्या सोयीची?

मोसमी पाऊस महाराष्ट्रातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघारी फिरतो. त्यानंतरचे पाच-सहा आठवडे सह्याद्रीत चालायला सर्वांत चांगले. टाकी काठोकाठ भरलेली असतात, धुकं निवळून लांबवरच्या रांगा दिसतात, सोनकीचा पिवळा रंग उतारांवर रेंगाळत असतो. दिवाळीनंतर गवत वाळू लागतं. दिसायला सोनेरी, पण त्याची कुसळं मोज्यांत घुसतात आणि वाळलेल्या गवतावरून उतरताना बूट सरकतो. म्हणून अर्धी चड्डी घरी ठेवून पूर्ण लांबीची, पायात न अडकणारी पँट घालावी.

उमरग्याचं वेळापत्रक मात्र आभाळाइतकंच रानावर ठरतं. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी आणि रास, मग हरभऱ्याची पेरणी. या दिवसांत शेतकरी घरातल्या पोराला ‘चल, किल्ल्यावर जाऊ’ म्हणणं म्हणजे घरात भांडण लावणं. गटात शिक्षक असतील तर त्यांना सुट्टी दिवाळीचीच. म्हणून भाऊबीजेनंतरचे दोन-तीन दिवस सगळ्यांना जमण्यासारखे. त्यातही शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम. राजगड पुण्याच्या हाताशी असल्यानं सुट्टीच्या दिवशी दरवाजांतल्या अरुंद पायऱ्यांवर रांगा लागतात. आपण एवढ्या लांबून, खास सुट्टी काढून जाणार, तर मधला वार का घेऊ नये?

पाऊस परतला म्हणजे आभाळाचा भरवसा आला, असं मात्र नाही. शरदात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि त्यांची झळ दूरवर पोहोचते. ऑक्टोबर २०२०मध्ये असाच एक पट्टा आंध्रच्या किनाऱ्यावरून आत आला, त्यानं हैदराबादला बुडवलं आणि सोलापूर-धाराशिवकडेही उभी-आडवी पिकं पाण्यात घातली. ते इथं कुणाला सांगायला नको. डोंगरात त्याचं रूप याहून क्रूर असतं. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ धडकलं. त्याचे अवशेष वर सरकले आणि दोनच दिवसांनी नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिसरात, थोरांग ला खिंडीजवळ हिमवादळ झालं. चाळीसहून अधिक माणसं गेली. तो तिथला ट्रेकिंगचा ऐन हंगाम होता. सह्याद्रीत हिम नाही, पण ऑक्टोबरातल्या दुपारच्या गडगडाटात धारेवर उघड्यावर सापडणं काही कमी धोक्याचं नाही.

विजेबाबत एक सोपा नियम पाठ असावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच धार सोडून खाली उतरायचं, एकटं झाड आणि बुरूज टाळायचा, घोळका न करता अंतर ठेवून बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. पण धारेवर नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे कान आणि घड्याळ हीच खात्रीची साधनं.

घड्याळाचं गणित

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा एक ठोकताळा मांडला. आजच्या मापांत सांगायचं तर सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. राजगड-तोरणा धार वळणं-वळसे धरून दहा-बारा किलोमीटरची. वाटेतले चढउतार मिळून चढाई सहा-सातशे मीटर होते असं धरलं, तर नाइस्मिथच्या हिशेबानं साडेतीन तासांत काम संपायला हवं. प्रत्यक्षात आपल्याकडच्या गटांना सहा ते सात तास लागतात.

हा फरक कुठून येतो? नाइस्मिथचा माणूस थंड हवेत, हलक्या ओझ्यानं, न थांबता चालणारा आहे. इथं दहा वाजताच ऊन चटका देऊ लागतं, पाठीवर आठ-दहा किलो असतात आणि उतारावर मुरमाचा घसारा असतो, जिथं चढण्याहून उतरायला जास्त वेळ जातो. तोरण्याजवळच्या शेवटच्या टप्प्यात कातळ आणि लोखंडी शिडी येते. शिडीवर एका वेळी एकच माणूस चढतो. एकाला तीन मिनिटं धरली तर दहा जणांना अर्धा तास. गट जितका मोठा, तितके हे थांबे वाढत जातात. म्हणून पहिल्या मोहिमेला आठ ते बारा माणसं पुरेत.

आता हे दिवसात बसवून पाहू. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुण्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. उजेड साडेअकरा तास. धार सात तास, तोरणा पाहायला एक तास, तिथून पायथ्याच्या वेल्ह्याला उतरायला दोन-अडीच तास. झाले साडेदहा. म्हणजे हातात उरतो जेमतेम एक तास, आणि त्यात जेवणही आलं. सकाळी चहा, नाश्ता, फोटो करत साडेआठला निघणाऱ्या गटाला अंधार गाठणार हे सकाळीच ठरलेलं असतं. उजाडताना सगळ्यांच्या सॅक पाठीवर असायला हव्यात आणि प्रत्येकाकडे डोक्याला बांधायची विजेरी. मोबाइलचा दिवा चालत नाही, कारण शिडीवर दोन्ही हात मोकळे लागतात.

याच हिशेबातून परत फिरण्याची वेळ निघते. गाडीरस्ता जिथं धार ओलांडतो, तिथं सकाळी अकरापर्यंत पोहोचलो तर पुढे, नाहीतर तिथूनच खाली. ही वेळ गावात बसून, सगळ्यांच्या संमतीनं ठरवायची. डोंगरात उभं राहून ठरवायला गेलं की ‘एवढं आलोय तर जाऊ’ हाच सूर निघतो.

चारशे किलोमीटर आधीचे

उमरग्याला रेल्वे नाही. सोलापूर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, तिथून पुणे अडीचशे, पुण्याहून नसरापूरकडून मार्गासनी आणि राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे आणखी साठेक. बहुतेक गट रात्रीची गाडी पकडून पहाटे पायथ्याला उतरतात आणि न झोपलेल्या अंगानं चढू लागतात. एक दिवस वाचतो खरा, पण दमछाक, उलट्या आणि मुरगळलेले घोटे बहुधा याच पहिल्या चढावर होतात. सकाळी निघून संध्याकाळी गुंजवण्यात किंवा पालीत जेवून झोपणं आणि दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी गड चढणं, हे जास्त शहाणपणाचं.

वाहन कोणतं? चाळीस जण असतील तर एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते, शाळांच्या सहली तशाच जातात. दहा-बारा जणांना क्रूझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर परवडते. तिचा मोठा फायदा असा की, चाल गुंजवण्यात सुरू होऊन वेल्ह्यात संपते आणि आपण धारेवर असताना ड्रायव्हर गाडी वेल्ह्याला आणून ठेवतो. परतीच्या रात्री गाडी चालवणाऱ्याची झोप हा मोहिमेचाच भाग समजावा. दोन दिवस तो नीट झोपला की नाही, हे विचारणारा गटात एक तरी हवा. सार्वजनिक गाडीनं जायचं तर सोलापूरहून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहे आणि पुढे स्वारगेटहून एसटी. महिलांना एसटीत मार्च २०२३पासून निम्मं तिकीट आहे, तेही वर्गणी काढताना ध्यानात घ्यावं.

गडावर मुक्काम करायचा का, हे वेगळं विचारावं लागतं. राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे. मुक्काम, चूल, तंबू यांचे नियम बदलत असतात, म्हणून जाण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे आणि पायथ्याच्या गावात फोन करून खात्री करावी. मुक्कामाला मनाई असेल तर मोहीम बुडत नाही. पहिल्या दिवशी राजगड पाहून गावात उतरायचं, दुसऱ्या दिवशी गाडीरस्त्यानं खिंडीत जाऊन तिथून तोरणा गाठायचा. धार निम्मीच चालून होते, पण पाय शाबूत आणि नियम पाळलेले.

पाणी आणि शिदोरी

राजगडावर पद्मावती माचीला पाणी आहे, तोरण्यावर मेंगाईच्या देवळाजवळ टाकी आहेत. मधल्या धारेवर भरवशाचं पाणी नाही. एखादं धनगराचं घर लागतं, पण त्यांचं पाणी त्यांनीच लांबून आणलेलं असतं. तेव्हा राजगड सोडताना प्रत्येकाकडे चार लिटर हवं. दहा जणांचं चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. हे ओझं कुणी दुसऱ्यासाठी वाहू शकत नाही. ज्याचं पाणी त्याच्या पाठीवर, हा नियम इथूनच आला. टाक्यातलं पाणी नितळ दिसलं तरी गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास ठेवावं. नुसतं पाणी पीत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचं मिश्रण दुपारी बाराच्या आत सगळ्यांना पाजावं. चमचा छोटाच, चहाचा.

खाण्याच्या बाबतीत मात्र उमरगेकर पुणे-मुंबईच्या गटांहून पुढे आहेत. तिकडचे गट पाकिटातल्या महागड्या वड्या शोधत असतात. आपल्याकडे कडक भाकरी आहे. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी पातळ थापून, भाजून, पापडासारखी खडखडीत होईपर्यंत वाळवलेली. पाणी उडून गेल्यानं वजन हलकं, बुरशी धरत नाही, आठवडाभर काही होत नाही. तिचा दोष एकच, सॅकमध्ये चुरा होतो. त्यावर उपाय म्हणजे भाकरीच्या मापाचं सपाट पातेलं घ्यायचं, तळाला सुती फडकं, त्यावर एकावर एक भाकरी, वरून फडकं दाबून झाकण आणि दोरी. हे पातेलं सॅकमध्ये आडवं, पाठीकडच्या बाजूला. संध्याकाळी त्याच पातेल्यात खिचडी शिजते. बरोबर शेंगाचटणी, गूळ आणि कांदा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून साधारण ५६० कॅलरी मिळतात. इतकं बळ देणारं आणि इतकं स्वस्त दुसरं फारसं काही किराणा दुकानात नाही. पहिल्या दिवसासाठी धपाटे, रात्रीसाठी तांदूळ आणि मुगाची डाळ, माणशी सव्वाशे ग्रॅम. ऐनवेळी चूल पेटवायला परवानगी नसेलही, म्हणून छोटा गॅस आणि तो कोण वाहणार याचं नाव आधीच ठरलेलं.

एक जेवण मात्र पायथ्याच्या गावातच सांगावं. पिठलं-भाकरी रांधणाऱ्या घराला चार पैसे मिळतात आणि वाटेची ताजी खबर आपल्याला. कुठं दरड आली, कुठं मोहोळ बसलंय, हे नकाशा सांगत नाही. पावसानंतर रान फुलतं तसं कड्यांच्या पोटात आग्या मोहोळ दिसू लागतं. त्याच्या आसपास धूर, अत्तर आणि आरडाओरडा या तिन्ही गोष्टी वर्ज्य. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं कापडात झाकून तिथून लांब जायचं, हात झाडत उभं राहायचं नाही.

गट म्हणजे कोण कोण

उमरगा पठारावर आहे. रोज दहा किलोमीटर चालणाऱ्याचेही गुडघे उताराला सरावलेले नसतात. महिनाभर आधी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चालायला लागावं, पाच किलोपासून दहा किलोपर्यंत. एखाद्या रविवारी येडशीजवळच्या रामलिंगच्या डोंगरात किंवा नळदुर्गच्या तटावर चढ-उतार करून यावं. या सरावातून दोन गोष्टी कळतात : कुणाचे बूट चावतात आणि सगळ्यात सावकाश कोण चालतो. हे दुसरं कळणं जास्त मोलाचं, कारण मघाचं सगळं घड्याळ त्याच्या पावलांवर लावायचं असतं. त्याला मागे ठेवलं की तो पोहोचतो तेव्हा पुढचे विश्रांती संपवून उठलेले असतात, म्हणजे ज्याला विसावा हवा त्यालाच मिळत नाही. त्याला पुढून दुसरा किंवा तिसरा ठेवावा. सगळ्यात पुढे वाट जाणणारा आणि सगळ्यात शेवटी गटातला सर्वांत दमदार, थंड डोक्याचा माणूस. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही.

औषधांची एक पेटी सामाईक, पण रक्तदाब-साखरेच्या गोळ्या ज्याच्या त्याच्याकडे आणि त्याची माहिती म्होरक्याकडे. गटात मुली-बायका असतील तर कपडे बदलण्याची, शौचाची सोय आणि पॅड परत खाली आणण्यासाठी बंद पिशव्या, हे संकोच न करता आधीच बोलून घ्यावं. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही करायचं नाही. तो अवयव न हलवता माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात पोहोचवायचं. घरी परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप भरला तर डॉक्टरांना ‘डोंगरात गवतात बसलो होतो’ हे आवर्जून सांगावं. पावसाळ्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस सुरुवातीला साध्या तापासारखाच वाटतो. अंगावर कुठं काळी खपली आहे का, तेही पाहावं. वेळीच ओळखला तर तो साध्या गोळ्यांनी बरा होतो.

घरी ठेवायचा कागद

निघण्याआधी एक पान लिहून उमरग्यात जबाबदार माणसाच्या हाती द्यावं. त्यावर सगळ्यांची नावं, वय, रक्तगट आणि घरचे नंबर. गाडीचा क्रमांक आणि ड्रायव्हरचा फोन. कोणत्या दिवशी कोणत्या गावातून चढणार, कुठं उतरणार. परत फिरण्याची ठरलेली वेळ. आणि शेवटी एक ओळ : अमुक दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर आधी पायथ्याच्या गावातल्या मुक्कामाच्या घरी विचारा, तिथंही पत्ता नसेल तर ११२ लावा. राज्यातल्या गिर्यारोहकांनी मिळून उभारलेलं बचाव समन्वय केंद्रही आहे, त्याचा चालू क्रमांक शोधून याच पानावर लिहावा. शोध घेणाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो तो ‘कुठल्या बाजूला पाहायचं’ हा. त्याचं उत्तर या पानावर असेल तर रात्रभराचं शोधकाम दोन तासांवर येतं.

हे पान भरता भरता मोहिमेतल्या उणिवाही समोर येतात. परतीच्या वेळेचा रकाना रिकामा राहिला, तर उजेडाचा हिशेब झालेला नाही. एखाद्याचा रक्तगट कुणालाच ठाऊक नसेल, तर गट अजून एकमेकांना ओळखत नाही. म्हणून हे पान निघण्याच्या आदल्या रात्री घाईत न लिहिता पहिल्याच बैठकीत मांडावं. सगळे रकाने भरले की मगच वर्गणी गोळा करायला हरकत नाही.